अनुभवी चालक आणि स्थानिक जलव्यवस्था : पेण व रोहा तालुक्यांच्या विशेष संदर्भात

सारांश

पाणीपुरवठा आणि सांडपाणी या दोन्ही व्यवस्था बांधकाम, यंत्रे व निधी यांवर उभ्या राहतात. परंतु त्या रोज चालतात त्या पंपचालक, शुद्धीकरण केंद्रातील चालक आणि चावीवाला यांच्या अनुभवावर. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत खाडी, अतिवृष्टी, दुसऱ्या खोऱ्यातून वळवलेले पाणी आणि रासायनिक उद्योग हे चारही घटक एकत्र येत असल्याने या अनुभवाचे मोल अधिक आहे. प्रस्तुत लेखात या अनुभवाचे शास्त्रीय स्वरूप, त्याच्या मर्यादा आणि तो जतन करण्याच्या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पंपचालक, चावीवाला, तुरटी, शिल्लक क्लोरीन, खारेपाट, कुंडलिका, सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र.

१. प्रस्तावना

पाणीप्रश्नावरील आपल्याकडील चर्चा बहुधा धरण, योजना आणि निधी या तीन शब्दांभोवती फिरते. योजना मंजूर होते, तिचे भूमिपूजन होते, लोकार्पण होते. वृत्तपत्रांतील तिची नोंद तेथे संपते. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे ती योजना रोज पहाटे सुरू कोण करतो, पावसाळ्यात गढूळ पाणी आले म्हणजे तुरटीचे प्रमाण कोण ठरवतो, कोणत्या आळीला किती वेळ पाणी सोडायचे हे कोण जाणतो, याचा विचार क्वचितच होतो. या कामांची उत्तरे नकाशात किंवा अंदाजपत्रकात सापडत नाहीत. ती काही मोजक्या माणसांच्या स्मरणात असतात.

ही माणसे निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी अनेक ठिकाणी ठेकेदारामार्फत कंत्राटी कामगार येतात आणि ठेका बदलला की तेही बदलतात. जलवाहिनी फुटली तर नवी टाकता येते; परंतु वीस वर्षांच्या निरीक्षणातून आलेले ज्ञान एका दिवसात निघून गेले तर ते बाजारातून विकत आणता येत नाही. चालकाचा अनुभव ही जलव्यवस्थेची मालमत्ता आहे. ती नोंदली नाही तर हरवते आणि तपासली नाही तर धोक्याचीही ठरू शकते. या दुहेरी विधानाचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दोन तालुक्यांची जलव्यवस्था

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मात्र तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. सह्याद्रीचा उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे पडलेले पाणी लवकर खाडीला मिळते. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई हे दोन्ही एकाच गावाच्या वाट्याला येतात.

पेण शहर भोगावती नदीकाठी आहे. शहराच्या पश्चिमेचा सखल भाग खारेपाट म्हणून ओळखला जातो. वाशी, शिर्की, वढाव यांसारख्या या भागातील गावांची भूमी खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली आहे. तेथील भूजल मचूळ असल्याने विहीर किंवा कूपनलिका यांवर पिण्याच्या पाण्याची भिस्त ठेवता येत नाही. शहापाड्याच्या धरणातून जलवाहिनीने येणारे पाणी हा या भागाचा एक महत्त्वाचा आधार आहे. याच पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे आणि त्याचे पाणी जिते येथील केंद्रात शुद्ध होऊन सिडकोच्या नवी मुंबईतील वसाहतींकडे जाते. तालुक्यातून मोठी जलवाहिनी महानगराकडे जात असताना त्याच तालुक्याच्या शेवटच्या टोकाची गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ही विसंगती खारेपाटाच्या जुन्या तक्रारीचे मूळ आहे.

रोह्याची स्थिती निराळी आहे. रोहा शहर कुंडलिका नदीकाठी वसले आहे. या नदीला उन्हाळ्यातही जे पाणी असते ते मुख्यतः मुळशी धरणाचे. मुळा व नीला या पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेस भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रात उतरवले जाते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. त्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या शेतकऱ्यांचा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह सर्वश्रुत आहे. वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी कुंडलिकेत येते, पुढे डोलवहाळ येथील बंधाऱ्याने ते अडवले जाते आणि कालव्यांतून शेतीला जाते. कोलाड येथील राफ्टिंगही याच सोडलेल्या पाण्यावर चालते. म्हणजेच कुंडलिकेची रोजची पातळी पावसापेक्षा विजेच्या मागणीशी अधिक जोडलेली आहे. या नदीवरील पंपचालकाला घाटमाथ्यावरील पावसाबरोबर भिऱ्याच्या केंद्राचे वेळापत्रकही ओळखावे लागते. रोहा तालुक्यातच नागोठणे येथे आंबा नदीवर बंधारा आहे. शिवाय धाटावची औद्योगिक वसाहत रासायनिक उद्योगांची असल्याने पाणी आणण्याइतकाच वापरलेले पाणी सोडण्याचा प्रश्न येथे मोठा आहे.

३. शुद्धीकरण केंद्रातील अनुभव

जलशुद्धीकरणाची प्रक्रिया पाठ्यपुस्तकात सरळ दिसते : कच्च्या पाण्यात तुरटी मिसळणे, गाळाचे पुंजके जमू देणे, ते निवळू देणे, वाळूच्या गाळणीतून पाणी काढणे आणि शेवटी क्लोरीन देणे. प्रत्यक्षात कच्चे पाणी रोज सारखे नसते आणि चालकाचे कौशल्य या फरकाला तोंड देण्यात असते.

मे महिन्यातील नदीचे पाणी बहुतांशी निवळ असते. जूनच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर काही तासांत ते तांबूस गढूळ होते. या वेळी तुरटी किती द्यावी यासाठी ‘जार चाचणी’ करतात. एकाच पाण्याच्या पाच-सहा पात्रांत तुरटीचे वाढते प्रमाण घालून कोणत्या पात्रात पुंजके चांगले जमतात व पाणी निवळते ते पाहतात. अनुभवी चालक पाण्याचा रंग पाहून प्रमाणाचा अंदाज बांधतो आणि तो पुष्कळदा चाचणीच्या जवळ असतो. परंतु कोकणातील पावसाळी पाण्याचे एक वैशिष्ट्य केवळ रंगावरून दिसत नाही. हे पाणी मृदू असते, त्यात क्षारता कमी असते. एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खर्च करते. क्षारता संपली की सामू उतरतो, पुंजके जमत नाहीत आणि तुरटी वाढवावी तितके पाणी बिघडत जाते. अशा वेळी तुरटी वाढवण्याऐवजी चुन्याची निवळी द्यावी लागते. जुन्या चालकाला हे ‘तुरटी धरत नाही, चुना द्या’ एवढ्या शब्दांत माहीत असते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला त्यामागील समीकरण माहीत असते. दोघांची गाठ क्वचितच पडते.

क्लोरीनच्या बाबतीतही असेच आहे. ग्रामपंचायतींच्या योजनांत सामान्यतः विरंजक चूर्ण, म्हणजे बोलीभाषेतील टीसीएल पावडर, वापरतात. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. एक लाख लिटरच्या टाकीत दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम पावडर. मात्र कोकणच्या दमट हवेत उघडे पोते ठेवले तर क्लोरीन उडून जातो. तो २० टक्क्यांवर आला असेल तर त्याच टाकीला एक किलो पावडर लागेल. ‘टाकीला अमुक डबे’ हा ठोकताळा मार्चमध्ये बरोबर आणि ऑगस्टमध्ये चूक ठरतो तो यामुळे. पावडर बोटांवर घेऊन, तिचा वास व भुसभुशीतपणा पाहून ती ‘मेली’ आहे की नाही हे सांगणारे चालक असतात. त्यांच्या निर्णयाची खात्री मात्र नळाच्या शेवटच्या टोकाशी होते. भारतीय मानक १०५०० नुसार तेथे दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असला पाहिजे.

ही तपासणी खेडोपाडी ‘ओ.टी.’ चाचणीने, म्हणजे ऑर्थोटोलिडिन द्रावण घालून पिवळा रंग पाहून होते. रंग लगेच पाहिला तर मुक्त क्लोरीन कळतो; काही मिनिटांनी पाहिला तर त्यात संयुक्त क्लोरीनचाही रंग मिसळतो आणि पाणी प्रत्यक्षाहून सुरक्षित वाटते. क्लोरीनला जंतू मारण्यास किमान अर्धा तास संपर्क मिळावा लागतो आणि गढूळ पाण्यात त्याचा प्रभाव घटतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पावसाळ्यातील गढूळता आणि पावसाळ्यातील साथी यांचा संबंध येथे आहे.

४. वितरण : चावीवाल्याचे ज्ञान

लहान शहरांत व गावांत पाणी चोवीस तास नसते. ते विभागवार, ठरावीक वेळ सोडले जाते. कराडजवळील मलकापूर येथे २००९ पासून चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना चालवण्यात आली, ती महाराष्ट्रात आदर्श म्हणून गणली गेली. परंतु बहुसंख्य ठिकाणी खंडित पुरवठाच आहे. अशा व्यवस्थेत वितरणाचा खरा कर्ता म्हणजे चावीवाला किंवा वॉलमन.

कोणता व्हॉल्व्ह कोणत्या रस्त्याखाली आहे, त्यावर किती वेळा डांबर पडले आहे, तो किती आट्यांनी उघडतो, कोणता व्हॉल्व्ह उलट्या आट्याचा आहे, कोणता पूर्ण बंद होत नाही म्हणून त्याच्या आधीचा बंद करावा लागतो, ही माहिती त्याच्याकडे असते. तो व्हॉल्व्ह सावकाश फिरवतो, यालाही शास्त्रीय कारण आहे. लोखंडी नळात दाबाची लाट सेकंदाला सुमारे १००० मीटर वेगाने धावते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी थांबवले तर उद्भवणारा अतिरिक्त दाब सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. घाईने फिरवलेल्या एका चावीने जुन्या नळाचा सांधा उखडतो. नवा कामगार पहिल्या आठवड्यात नळ फोडतो आणि ठपका नळाच्या वयावर येतो.

खारेपाटात या ज्ञानाला आणखी एक परिमाण आहे. पाणी बंद झाल्यावर नळातील दाब शून्यावर, कधी शून्याच्याही खाली जातो. नळ जर भरतीच्या वेळी ओल्या होणाऱ्या खाजणातून जात असेल आणि त्याला बारीक गळती असेल, तर बाहेरचे मचूळ व दूषित पाणी आत ओढले जाते. पाणी सोडल्यानंतरची पहिली काही मिनिटे ते फेकून द्यावे, हा सल्ला गृहिणींना अनुभवी वॉलमन देतो तो याच कारणाने. गळती ओहोटीच्या वेळी शोधणे सोपे, हेही तोच जाणतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि तिथीची पाऊणपट म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटे. पंधरवड्याच्या हिशेबाला हा ठोकताळा पुरेसा ठरतो. स्थानिक ज्ञान आणि शास्त्र यांत विरोधच असतो असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

वितरण ही केवळ तांत्रिक बाब नाही. ज्या वर्षी भिऱ्याचे केंद्र सुरू झाले त्याच १९२७ साली, २० मार्च रोजी, याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हे तेव्हा ठामपणे मांडले गेले. आज तो हक्क काही प्रमाणात चावीच्या आट्यांवर अवलंबून आहे. कोणत्या वाडीला चाळीस मिनिटे आणि कोणत्या वाडीला पंधरा, हे ठरवणारी वही अस्तित्वात नसेल तर वाटपातील अन्याय सिद्धही करता येत नाही. चांगल्या वॉलमनवरही दबाव येतो. नोंद असेल तर ती त्याचेही संरक्षण करते.

५. सांडपाण्याची व्यवस्था

पाणी देणाऱ्या माणसाकडे निदान लोकांचे लक्ष असते. सांडपाणी वाहून नेणारा व त्यावर प्रक्रिया करणारा चालक समाजाला दिसतच नाही. त्याच्या कामाचे दोन प्रकार येथे पाहता येतील.

पहिला प्रकार धाटावचा. या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. प्रक्रियेनंतरचे पाणी कुंडलिकेच्या खाडीत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचा आरे खुर्द ते साळाव हा पट्टा समाविष्ट केला होता. खाडीवर जगणाऱ्या कोळी समाजाच्या दृष्टीने हे केंद्र नीट चालणे म्हणजे उपजीविकेचा प्रश्न आहे.

अशा केंद्रात प्रत्यक्ष काम करतात ते सूक्ष्मजीव. चालक त्यांना हवा देतो, अन्न मोजून देतो आणि विषापासून जपतो. एखाद्या कारखान्यातून रात्री अचानक आम्लयुक्त किंवा विषारी पाणी आले तर टाकीतील जीवाणू मरतात आणि ते पुन्हा वाढण्यास काही दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून आधीच्या समतोल टाकीत पाणी साठवून, मिसळून, सामू दुरुस्त करून मगच पुढे सोडतात. अनुभवी चालक टाकीच्या पृष्ठभागाकडे पाहून अंदाज करतो. पांढरा, हलका फेस बहुधा कोवळ्या किंवा ताण आलेल्या गाळाचा. तपकिरी, तेलकट साय जुन्या गाळाची. ओल्या मातीसारखा वास आरोग्याचा. कुजक्या अंड्यासारखा वास हवेच्या कमतरतेचा. या अंदाजाला एक साधी चाचणी आधार देते. एक लिटरच्या मोजनळीत टाकीतील मिश्रण घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचे आणि गाळ किती खाली बसला ते पाहायचे. या चाचणीला महाग उपकरण लागत नाही. लागते ती रोज एकाच वेळी करण्याची शिस्त. अशा सामाईक केंद्रांतून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सामू ६ ते ९ च्या दरम्यान आणि रासायनिक प्राणवायू मागणी दर लिटरला २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेचे बंधन आहे. ते पाळले जाते की नाही हे प्रयोगशाळा सांगते. ते उद्या मोडणार आहे काय, हे मात्र बऱ्याचदा चालक आदल्या दिवशी सांगू शकतो.

दुसरा प्रकार घरगुती सांडपाण्याचा. भुयारी गटार नसलेल्या लहान शहरांत व गावांत मलप्रवाह सेप्टिक टँकमध्ये साठतो. तो उपसण्याचे काम यंत्राने झाले पाहिजे. हाताने मैला साफ करण्यास व धोकादायक सफाईस बंदी करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारसफाईतील मृत्यूबद्दल किमान ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. येथे ‘अनुभवी’ माणसाचा अनुभवच त्याला फसवू शकतो. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायू अल्प प्रमाणात असताना घाण येते. परंतु तो हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे शंभर भागांच्या पुढे गेला की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे टाकी मोकळी झाली, असा समज करून उतरलेला माणूस परत येत नाही. मिथेनला तर वासच नसतो. वीस वर्षे काही झाले नाही, हा एकविसाव्या वर्षाचा पुरावा ठरत नाही.

६. अनुभवाच्या मर्यादा

हा मुद्दा अधिक स्पष्ट करण्यासाठी कॅनडातील वॉकर्टन या गावाचे उदाहरण उपयुक्त आहे. ओंटारिओ प्रांतातील सुमारे पाच हजार वस्तीच्या या गावात मे २००० मध्ये अतिवृष्टीनंतर शेतातील जनावरांच्या शेणाचे दूषित पाणी एका उथळ विहिरीत शिरले. सात माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडली. तेथील पाणीपुरवठा चालवणारी माणसे नवखी नव्हती. त्यांनी अनेक वर्षे तेच काम केले होते. त्यांचे परवाने परीक्षेवर नव्हे, तर सेवेच्या वर्षांवर मिळालेले होते. पाणी चवीला चांगले आहे, आपण स्वतः क्लोरीनशिवाय पितो, या विश्वासाने ते पुरेसा क्लोरीन देत नसत आणि नोंदवहीत मात्र शिल्लक क्लोरीनचे ठरावीक आकडे न मोजताच लिहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने चालकांच्या वर्तनाबरोबर शासनाची देखरेख, निधीकपात आणि प्रशिक्षणाचा अभाव यांवरही बोट ठेवले.

या घटनेतून दोन बोध मिळतात. पहिला असा, की वर्षे मोजणे म्हणजे अनुभव मोजणे नव्हे. ज्या कृतीचे कारण माहीत नाही आणि जिच्या परिणामाची तपासणी होत नाही, ती कृती कितीही वर्षे केली तरी तिला सवय म्हणावे लागेल. दुसरा बोध असा, की नोंदवही भरलेली असणे पुरेसे नाही. रोज एकच आकडा असलेली नोंदवही, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात, संशयास्पदच मानली पाहिजे. जूनमध्ये व जानेवारीत तुरटी व पावडर सारखीच लागली असेल, तर एक तर पाणी बदलले नाही किंवा मोजमाप झाले नाही. आणि पाणी बदलले नाही असे कोकणात घडत नाही.

उलट, अनुभवाला पर्याय नसतो अशाही वेळा येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्याच्या अनेक भागांत वीजपुरवठा दिवसेंदिवस खंडित झाला. वीज नाही म्हणजे पंप नाही. अशा दीर्घ खंडानंतर रिकाम्या वाहिन्या पुन्हा भरणे हे नाजूक काम असते. पाणी हळू सोडावे लागते, उंचवट्यावरील एअर व्हॉल्व्ह मोकळे आहेत ना ते पाहावे लागते, साचलेली घाण टोकाकडून धुऊन काढावी लागते आणि क्लोरीनचे प्रमाण काही काळ वाढवावे लागते. हे सर्व कोणत्या क्रमाने करायचे हे छापील पुस्तिकेत असते. परंतु उंचवटा कोणत्या शेतात आहे हे तेथे छापलेले नसते.

७. कायदा, संस्था आणि चालकाचे स्थान

कोकणाला स्थानिक देखभालीची परंपरा नवी नाही. पेण परिसरातील खारभूमीत जुन्या शिलोत्री पद्धतीत बांध घालणे व राखणे यांची जबाबदारी आणि त्याबद्दलचा हक्क स्थानिक लोकांशी जोडलेला होता. बांध फुटला तर कोण धावणार हे ठरलेले असे. आधुनिक पाणी योजनांत मालकी, बांधणी आणि चालवणूक या तीन गोष्टी वेगवेगळ्या हातांत गेल्या.

१९७६ च्या कायद्याने राज्यात पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळाची तरतूद झाली आणि पुढे १९९७ मध्ये ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पिण्याचे पाणी हा विषय पंचायती व नगरपालिका यांच्या सूचीत घातला. २००३ च्या सुमारास सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पाने गावसमितीच्या हाती योजना देण्याचा प्रयोग केला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरात नळाने देण्याचे ध्येय ठेवले आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. ग्रामपंचायत पातळीवर जलसुरक्षक नेमले गेले. नाशिक येथे प्राधिकरणाची ‘मित्रा’ ही प्रशिक्षण संस्था आहे.

या सर्व टप्प्यांत नळ वाढले, अधिकार खाली आले. परंतु चालकाचा दर्जा त्या प्रमाणात वाढला नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायदादुरुस्तीनंतर पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणांच्या चालकांचे प्रमाणीकरण सर्व राज्यांत आवश्यक मानले गेले. वॉकर्टननंतर ओंटारिओने परीक्षेविना परवान्याची वाट बंद केली. आपल्याकडे औषधांच्या दुकानात पदविकाधारक असावा लागतो. पन्नास हजार लोकांच्या पाण्यात रसायन घालणाऱ्या माणसाला मात्र बऱ्याचदा कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, आणि त्याच्या वेतनातही त्या जबाबदारीचे प्रतिबिंब नसते. ठेका देताना सर्वांत कमी दराला महत्त्व आले की अनुभव हा खर्च ठरतो.

८. नोंदीची पद्धत आणि महाविद्यालयांची भूमिका

या संदर्भात पेण व रोहा यांसारख्या तालुक्यांतील महाविद्यालये पुढील कामे अल्प खर्चात करू शकतात.

(अ) व्हॉल्व्हचा नकाशा : भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांनी वॉलमनसोबत फिरून प्रत्येक व्हॉल्व्हचे स्थान, आट्यांची संख्या, फिरवण्याची दिशा, दुरुस्तीचा इतिहास आणि त्यावरील वस्ती यांची नोंद करावी.

(आ) ऋतुमानाची नोंदवही : रसायनशास्त्र विभागाने वर्षभर आठवड्यातून एकदा कच्च्या पाण्याची गढूळता, क्षारता, सामू आणि जार चाचणी यांची नोंद ठेवावी व चालकाचा अंदाज त्याच पानावर शेजारी लिहावा. दोन-तीन पावसाळ्यांनंतर अंदाज कोठे बरोबर येतो आणि कोठे चुकतो ते दिसेल.

(इ) टोकाची तपासणी : सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने वितरणाच्या शेवटच्या नळाशी शिल्लक क्लोरीन व जंतूंची तपासणी करावी. ही तपासणी चालकाच्या नोंदीपासून स्वतंत्र असावी.

(ई) शब्दसंग्रह : मराठी विभागाने ‘तुरटी धरणे’, ‘पावडर मरणे’, ‘उलटा आटा’ यांसारखे कामगारांचे शब्द अर्थासह संकलित करावेत. प्रशिक्षणाची पुस्तिका याच भाषेत असेल तर ती वाचली जाईल.

(उ) हिशेब : वाणिज्य विभागाने वीज, तुरटी, पावडर आणि गळती यांचा खर्च मांडून अनुभवी चालकामुळे किती बचत होते ते दाखवावे. स्थानिक संस्थेला वेतनाबाबत पटवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

या कामात एक पथ्य आवश्यक आहे. चालकाला केवळ ‘माहितीस्रोत’ न मानता त्याला सहअभ्यासक मानावे, तयार झालेली नोंद प्रथम त्याला वाचून दाखवावी आणि तिचा उपयोग त्याला दूर करण्यासाठी होणार नाही याची हमी संस्थेकडून घ्यावी. आपले ज्ञान लिहून दिले की आपली गरज संपेल, ही भीती कंत्राटी व्यवस्थेत निराधार नाही. म्हणून नोंदीबरोबर निवृत्त होणाऱ्या चालकासोबत नव्या चालकाने निदान एक पूर्ण पावसाळा काम करण्याची तरतूद झाली पाहिजे. कोकणात जलशुद्धीकरणाची खरी परीक्षा त्याच चार महिन्यांत असते.

९. निष्कर्ष

पेण व रोहा या तालुक्यांच्या विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्थानिक जलव्यवस्थेचा मोठा भाग अलिखित आहे. मृदू पावसाळी पाणी, खाजणातून जाणारे नळ, वीजनिर्मितीवर हलणारी कुंडलिका आणि धाटावचे मिश्र सांडपाणी यांचे वर्तन प्रथम चालकाला कळते.

२. या अनुभवाला बहुतेक ठिकाणी शास्त्रीय आधार आहे. तो समजावून सांगितला गेला तर चालक अधिक चांगला निर्णय घेतो आणि शास्त्राच्या अध्यापकालाही आपल्या विषयाचे जिवंत उदाहरण मिळते.

३. केवळ सेवेची वर्षे ही सुरक्षिततेची हमी नाही. मोजमाप, स्वतंत्र तपासणी आणि प्रमाणीकरण यांची जोड नसेल तर अनुभव सवयीत बदलतो. सेप्टिक टँकच्या बाबतीत तर तो प्राणघातक ठरतो.

४. निवृत्ती व कंत्राटीकरण यांमुळे हे ज्ञान झपाट्याने नाहीसे होत आहे. त्याची नोंद, हस्तांतरण आणि योग्य वेतन या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच ते टिकेल.

जलजीवन मिशनमुळे येत्या काही वर्षांत घरोघरी नळ पोहोचतील. त्या नळाला पाणी येईल की नाही आणि आलेले पाणी लहान मुलाला निःशंकपणे देता येईल की नाही, हे शेवटी टाकीवरच्या माणसाच्या ज्ञानावर ठरेल. त्या माणसाला शिकवणे आणि त्याच्याकडून शिकणे, ही दोन्ही कामे महाविद्यालयांच्या कक्षेतील आहेत.